प्लास्टिकच्या डब्या-बाटल्यांतील रसायने : आपल्याकडील भांडी कशी पारखावीत

प्लास्टिकच्या डब्यात अन्न ठेवणे सुरक्षित आहे का, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. मात्र 'हो' म्हणणारा आणि 'नाही' म्हणणारा असे दोघेही अर्धाच प्रश्न ऐकत असतात. ज्या डब्यात कोरडी साखर वर्षभर राहिली तरी काळजीचे कारण नाही, त्याच डब्यात वाफाळता, तेल सुटलेला रस्सा ओतून तो तासभर झाकून ठेवला, तर डब्यातील द्रव्ये अन्नात उतरण्याचा वेग कितीतरी वाढतो. त्यामुळे डबा कोणता, याइतकेच त्यात काय ठेवले, किती गरम ठेवले आणि किती वेळ ठेवले, हेही पाहावे लागते. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाने पुढील क्रमाने आपली भांडी तपासली, तर सगळे प्लास्टिक एका दिवसात फेकून देण्याची वेळ येणार नाही आणि जे खरोखर बदलायला हवे ते नजरेतूनही सुटणार नाही.

आधी समजून घ्यावे : काय उतरते आणि कसे

प्लास्टिकचा मुख्य भाग म्हणजे हजारो लहान रेणू एकमेकांना जोडून झालेल्या लांबच लांब साखळ्या. या साखळ्या आकाराने इतक्या मोठ्या असतात की त्या सहसा जागच्या हलत नाहीत. प्रश्न असतो तो साखळ्यांच्या मधल्या जागेत राहिलेल्या लहान रेणूंचा. साखळीत न जुळलेले मूळ घटक, कारखान्यात वापरलेल्या उत्प्रेरकाचा उरलेला अंश, मऊपणा किंवा रंग यावा अथवा माल टिकावा म्हणून मिसळलेली द्रव्ये, आणि प्लास्टिक जुने होताना साखळ्या तुटून तयार झालेले तुकडे, हे सगळे त्यात येतात. भिंतीच्या विटा जागच्या जागी राहाव्यात आणि फटींतील सुटी वाळू मात्र झडत राहावी, तसा हा प्रकार आहे. या झडण्याला शास्त्रीय परिभाषेत स्थलांतर म्हणतात. या लेखात त्यासाठी 'उतरणे' हा साधा शब्द वापरला आहे.

उतरण्याचा वेग चार गोष्टींवर ठरतो. उष्णता वाढली की रेणूंची हालचाल वाढते. तेल, स्निग्ध पदार्थ, आम्ल आणि मद्यार्क हे पाण्यापेक्षा अधिक द्रव्ये ओढून घेतात. संपर्काचा काळ जितका लांबतो, तितकी उतरणारी मात्रा वाढते. आणि भांडे जितके झिजलेले, ओरखडलेले, तितके ते अधिक सोडते. पाचवी गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही : लहान पाकिटात किंवा लहान बाटलीत अन्नाच्या प्रमाणात प्लास्टिकचा पृष्ठभाग जास्त असतो, त्यामुळे त्याच अन्नाला मोठ्या डब्यापेक्षा लहान डब्यात अधिक संपर्क घडतो.

अधिकृत चाचण्यासुद्धा याच तत्त्वावर बेतलेल्या आहेत. युरोपीय संघाच्या नियमांत अन्नाऐवजी ३ टक्के अॅसेटिक आम्ल, वेगवेगळ्या तीव्रतेचे मद्यार्काचे द्रावण आणि वनस्पती तेल यांच्या संपर्कात प्लास्टिक ठेवले जाते. सामान्य तापमानाला दीर्घकाळ होणाऱ्या साठवणीसाठी ही चाचणी ४० अंश सेल्सिअसला १० दिवस चालते, आणि उतरलेल्या सर्व द्रव्यांची एकूण मात्रा दर चौरस डेसिमीटर पृष्ठभागामागे १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असून चालत नाही. यातून नवख्या वाचकाने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : डबा उत्तीर्ण होतो तो ठराविक वापरासाठी. थंड पाण्यासाठी तपासलेल्या बाटलीत उकळता चहा ओतला, तर त्या उत्तीर्ण होण्याला काही अर्थ उरत नाही.

पायरी १ : भांडी वापरानुसार वेगळी करावीत

कपाटातील सगळे डबे, बाटल्या, झाकणे बाहेर काढावीत आणि बुडाचा आकडा पाहण्यापूर्वीच त्यांचे चार गट करावेत. ज्यांत गरम पदार्थ जातात ती भांडी पहिल्या गटात, ज्यांत तेलकट किंवा आंबट पदार्थ राहतात ती दुसऱ्या गटात, ज्यांत कोरडे आणि थंड पदार्थ असतात ती तिसऱ्या गटात, आणि लहान मुलांची भांडी चौथ्या गटात ठेवावीत. तिसरा गट बहुधा सर्वांत मोठा निघतो, आणि त्याची चिंता तूर्त बाजूला ठेवता येते. बाकीच्या तीन गटांवरच पुढील सगळे श्रम खर्च करायचे आहेत.

पायरी २ : बुडाचा आकडा वाचावा, पण त्यावर विसंबू नये

बाणांच्या त्रिकोणातील १ ते ७ हे आकडे अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये सुरू केले, ते कचरा वेगळा करणाऱ्यांना प्लास्टिकचा प्रकार ओळखता यावा म्हणून. ते सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नाही. बादली, खताची बाटली आणि दुधाची बाटली या तिन्हींवर २ हा आकडा असू शकतो. अन्नासाठी बनवलेल्या वस्तूवर पुष्कळदा पेला आणि जेवणाचा काटा यांचे चिन्ह असते. ते आहे की नाही हे आधी पाहावे, आणि आकड्याचा उपयोग फक्त प्लास्टिकचा प्रकार कळण्यासाठी करावा.

आकडा १ म्हणजे पीईटी (पॉलिएथिलीन टेरेथॅलेट), पाण्याच्या आणि शीतपेयांच्या पारदर्शक बाटल्यांचे प्लास्टिक. त्याच्या पूर्ण नावात 'थॅलेट' हा शब्द येतो म्हणून अनेक जण घाबरतात. परंतु ज्या थॅलेट्सबद्दल शंका घेतली जाते, ती प्लास्टिक मऊ करणारी वेगळी द्रव्ये आहेत आणि पीईटीला त्यांची गरज लागत नाही. पीईटीच्या बाबतीत लक्ष द्यावे ते अँटिमनी या धातुसदृश मूलद्रव्याकडे, कारण ते बनवताना बहुधा अँटिमनीचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरले जाते.

२ (एचडीपीई), ४ (एलडीपीई) आणि ५ (पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन) ही तुलनेने साधी प्लास्टिके आहेत. त्यांना मऊ करण्यासाठी थॅलेट्स घालावी लागत नाहीत आणि त्यांच्या घडणीत बिस्फेनॉलही (काही कडक प्लास्टिकांचा मूळ घटक) नसते. त्यांपैकी पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंशांना वितळते, म्हणून गरम पदार्थांचे बहुतेक प्लास्टिकचे डबे त्याचेच असतात.

३ म्हणजे पीव्हीसी. ते मुळात कडक असते. लवचीक करण्यासाठी त्यात मोठ्या प्रमाणावर मृदू करणारी द्रव्ये मिसळतात, आणि ही द्रव्ये साखळीला रासायनिक बंधाने जोडलेली नसल्यामुळे तेलाच्या संपर्कात सहज बाहेर पडतात. काही पारदर्शक चिकट वेष्टने पीव्हीसीची असतात. काचेच्या बरणीच्या पत्र्याच्या फिरकीच्या झाकणाला आतून जी मऊ कडी असते, तीही पुष्कळदा पीव्हीसीचीच असते. काचेची बरणी घेतली म्हणजे प्लास्टिकचा संबंध संपला, असे समजणाऱ्यांनी ती बरणी एकदा उलटी करून पाहावी : आतले तेल थेट त्या कडीला लागते.

६ म्हणजे पॉलिस्टायरीन. कडक, पटकन तडकणारे पेले आणि पांढऱ्या फोमचे कप याचेच. ते सुमारे १०० अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि त्यातून उतरणाऱ्या स्टायरीनला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये 'मानवाला बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकले. ही वर्गवारी धोका किती प्रमाणात आहे हे सांगत नाही, तो संभवतो एवढेच सांगते. तरीही गरम आणि तेलकट पदार्थासाठी पॉलिस्टायरीन निवडण्याचे काहीच कारण मला दिसत नाही.

७ हा आकडा 'इतर सर्व' यांचा आहे. त्यात पॉलिकार्बोनेटही येते आणि त्याच्याशी काही नाते नसलेली नवी प्लास्टिकेही येतात. पाण्याचे मोठे, कडक, निळसर पारदर्शक जार अनेकदा पॉलिकार्बोनेटचे असतात, आणि पॉलिकार्बोनेट म्हटले की त्याचा मूळ घटक बिस्फेनॉल-ए, म्हणजेच बीपीए, आले.

पायरी ३ : उष्णतेचा हिशेब करावा

एकच पायरी करण्याइतका वेळ असेल तर ही करावी. उष्णता आणि तीव्र द्रावणे प्लास्टिकचे काय करतात, हे प्रयोगशाळांना दोनदा अपघातानेच कळले आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधक यीस्टमध्ये इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे द्रव्य शोधत होते. ते त्यांना सापडलेही. पण ते यीस्टमधून आलेले नसून, ज्या पॉलिकार्बोनेटच्या चंबूंत पाणी उच्च तापमानाला निर्जंतुक केले जात होते त्यांतून उतरलेले बीपीए होते, असे १९९३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले. पुढे १९९८ मध्ये अमेरिकेतील आनुवंशिकशास्त्रज्ञ पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांचे पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकून जमिनी धुण्याच्या तीव्र अल्कधर्मी द्रावणाने धुतल्या गेल्या. प्लास्टिक खराब झाले, आणि त्या पिंजऱ्यांतील उंदरांच्या बीजांडांमध्ये गुणसूत्रांचे दोष एकाएकी वाढले. हे निष्कर्ष २००३ मध्ये छापले गेले, आणि बीपीएची चर्चा प्रयोगशाळेबाहेर येण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

पीईटीबाबत तर आकडेच उपलब्ध आहेत. अॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या २००८ मधील अभ्यासात बाटलीबंद पाणी वेगवेगळ्या तापमानांना ठेवून, त्यातील अँटिमनी अमेरिकेच्या पिण्याच्या पाण्यासाठीच्या मर्यादेपलीकडे, म्हणजे लिटरमागे ६ मायक्रोग्रॅमपलीकडे जायला किती काळ लागतो, हे पाहिले गेले. ६० अंशांना १७६ दिवस लागले. ८५ अंशांना मात्र १.३ दिवस पुरले. याचा व्यवहारातील अर्थ असा की उन्हात उभ्या केलेल्या गाडीत दुपारभर राहिलेले पाणी प्यायल्याने विषबाधा होत नाही, पण बाटल्यांचा साठा तापलेल्या जागी महिनोन्‌महिने ठेवणे आणि त्या बाटल्यांत कढत पाणी भरणे, या दोन्ही गोष्टी टाळण्यासारख्या आहेत.

मायक्रोवेव्हच्या बाबतीत 'मायक्रोवेव्ह सेफ' या शब्दांचा अर्थ नीट समजून घ्यावा. भांडे त्या वापरात वितळणार किंवा वाकणार नाही, एवढे आश्वासन त्यात प्रामुख्याने असते. त्यातून काहीच उतरणार नाही, असे त्यात म्हटलेले नसते. शिवाय मायक्रोवेव्ह अन्न सर्वत्र सारखे तापवत नाही. पाणी १०० अंशांपुढे सहसा जात नाही, परंतु तेल आणि साखर ती मर्यादा ओलांडतात, म्हणून तेलाचा तवंग ज्या रेषेवर डब्याला टेकतो तिथेच प्लास्टिकवर खरबरीत, फोड आल्यासारखा पट्टा दिसतो. आपल्या डब्यांवर तो पट्टा आहे का, हे हाताने चाचपून पाहावे. अन्न काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात काढून तापवणे हा यावरचा उपाय आहे, आणि त्याला एक जास्तीचे भांडे घासण्यापलीकडे काही लागत नाही.

शिजलेले अन्न डब्यात भरायचे असेल तर ते आधी रुंद भांड्यात पसरून कोमट होऊ द्यावे. मात्र निवण्याच्या नावाखाली ते तासन्‌तास उघडे ठेवू नये. जिवाणूंमुळे अन्न बिघडण्याचा धोका प्लास्टिकच्या धोक्यापेक्षा जवळचा आणि खात्रीचा आहे. या विषयावर लिहिणारे बरेच जण ही गोष्ट सांगायला विसरतात.

मेलामाइनची भांडी दिसायला चिनी मातीसारखी असल्यामुळे त्यांना प्लास्टिक म्हणून कोणी मोजत नाही. ७० अंशांपेक्षा गरम आणि त्यातही आंबट पदार्थ घातल्यास त्यांतून मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड उतरू शकते. वाढण्यासाठी ती वापरावीत. त्यांत शिजवू नये आणि ती मायक्रोवेव्हमध्ये घालू नयेत.

पायरी ४ : तेलकट आणि आंबट पदार्थांना काच किंवा पोलाद द्यावे

तेल, लोणी, चीज, व्हिनेगरमध्ये मुरवलेले पदार्थ, लिंबाचा रस आणि टोमॅटोचा सॉस यांची दीर्घ साठवण काचेत किंवा स्टेनलेस पोलादाच्या भांड्यात करावी. टोमॅटोचा लाल रंग डब्यात कायमचा उतरलेला आपण पाहतो. जिथे अन्नातील रंग आत शिरतो, तिथे आतले द्रव्य बाहेरही येऊ शकते, एवढे त्यावरून समजावे. डबाबंद पदार्थांच्या पत्र्याला आतून इपॉक्सी या राळेसारख्या प्लास्टिकचा पातळ थर देण्याची पद्धत आहे आणि त्या थरातूनही बीपीए उतरू शकते, म्हणून डबा फोडल्यावर उरलेला पदार्थ दुसऱ्या भांड्यात काढावा. कागदी कपांनाही आतून बहुधा पॉलिएथिलीनचा लेप असतो. त्यांना निव्वळ कागद समजू नये.

पायरी ५ : जुन्या भांड्यांना रजा द्यावी

भांडे काढून टाकण्याची लक्षणे अशी : पारदर्शक प्लास्टिक धुरकट झाले आहे, पृष्ठभागावर बारीक तडे किंवा घासणीचे खोल ओरखडे आहेत, झाकण वाकडे झाले आहे, धुऊनही वास जात नाही किंवा स्पर्शाला चिकटपणा जाणवतो. एकदा वापरून टाकण्यासाठी बनवलेली भांडी वर्षानुवर्षे वापरू नयेत, कारण त्यांची घडण वारंवार धुणे आणि तापणे सोसण्यासाठी केलेली नसते. जी ठेवायची ती मऊ स्पंजाने, सौम्य साबणाने धुवावीत. डिशवॉशरमधील पाणी गरम आणि पावडर अल्कधर्मी असते, आणि हंट यांच्या पिंजऱ्यांची आठवण इथे उपयोगी पडते.

पायरी ६ : 'बीपीए-मुक्त' ही पाटी किती मानावी

बीपीएवरील बंधने टप्प्याटप्प्याने आली. बाळाच्या दुधाच्या बाटल्यांत त्याचा वापर युरोपीय संघाने २०११ मध्ये थांबवला, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये तशाच बाटल्यांसाठीची परवानगी मागे घेतली, जरी तोवर उत्पादकांनी तो वापर स्वतःहून सोडलेला होता. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४ मायक्रोग्रॅम ही तात्पुरती मर्यादा ठेवली होती; २०२३ मध्ये ती ०.२ नॅनोग्रॅमवर, म्हणजे २० हजार पटींनी खाली आणली. हा निर्णय सर्वांना पटलेला नाही. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने स्वतंत्र हिशेब करून २०० नॅनोग्रॅम ही मर्यादा सुचवली, जी युरोपीय प्राधिकरणाच्या मर्यादेच्या हजारपट आहे. तरीही डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या वस्तूंतील बीपीएवर व्यापक बंदीचा नियम स्वीकारला आणि उद्योगाला बदलासाठी मुदत दिली. एकाच पुराव्यावरून दोन जाणत्या संस्थांच्या आकड्यांत एवढे अंतर पडते, तेव्हा सामान्य माणसाने नेमका आकडा पाठ करण्यापेक्षा टाळता येईल तेवढा संपर्क टाळावा, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. बीपीए शरीरात साठून राहत नाही. त्याचा बहुतांश भाग दिवसभरात लघवीवाटे बाहेर पडतो. म्हणजेच संपर्क कमी केल्याचा परिणाम लगेच दिसू शकतो.

'बीपीए-मुक्त' पाटीचे दुखणे निराळेच आहे. बीपीए काढून अनेक ठिकाणी त्याचीच भावंडे, म्हणजे बिस्फेनॉल-एस आणि बिस्फेनॉल-एफ, वापरली गेली, आणि प्रयोगशाळेतील चाचण्यांत त्यांनीही संप्रेरकांसारखे गुण दाखवले आहेत. दुसरीकडे पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यावर ही पाटी लावणे म्हणजे जे कधी नव्हतेच ते नाही असे सांगणे होय. पाटी पाहून भांडे घेण्यापेक्षा त्याचा प्रकार पाहून घ्यावे.

पायरी ७ : लहान मुलांची भांडी

बाळाचे वजन कमी आणि त्या मानाने दुधाचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे तेवढीच मात्रा त्याला अधिक लागते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्यांत दूध तयार करण्याच्या नेहमीच्या पद्धतीत लिटरमागे १.६ कोटींपर्यंत सूक्ष्म प्लास्टिककण सुटू शकतात, आणि पाण्याचे तापमान वाढले की त्यांची संख्या झपाट्याने वाढते. या कणांचा आरोग्यावर नेमका काय परिणाम होतो, हे विज्ञानाने अजून ठरवलेले नाही.

इथे एक खरा पेच आहे. पावडरचे दूध निर्जंतुक नसते, म्हणून ते किमान ७० अंश गरम पाण्यात कालवावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. प्लास्टिकच्या भीतीने कोमट पाणी वापरणे हा उपाय होऊ शकत नाही. यासाठी दूध काचेच्या किंवा पोलादाच्या स्वच्छ भांड्यात गरम पाण्याने कालवावे, तिथेच पिण्याजोगे होईपर्यंत निववावे आणि मग बाटलीत ओतावे. उकळून निर्जंतुक केलेली बाटलीही, आधी उकळून गार केलेल्या पाण्याने दोन-तीनदा विसळून घ्यावी. काचेची बाटली हाताळणे शक्य असेल तर यातील बरीच कटकट वाचते.

ज्या भीती सोडून द्याव्यात

पाण्याची बाटली गोठवल्याने डायॉक्सिन हे विषारी द्रव्य सुटते, हा निरोप वर्षानुवर्षे फिरत आहे. डायॉक्सिने मुख्यतः जळण्यासारख्या उच्च तापमानाच्या प्रक्रियांत तयार होतात. थंडीत उतरण्याचा वेग उलट मंदावतो. गोठवण्यात धोका असेल तर तो बाटली फुगून तडकण्याचा.

काळ्या प्लास्टिकचे प्रकरण अधिक बोधप्रद आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने स्वयंपाकघरातील काळ्या वस्तूंत ज्वालारोधक द्रव्ये आढळल्याचे सांगितले. जुन्या विद्युत उपकरणांचे प्लास्टिक पुन्हा वापरात आल्याने ती द्रव्ये काही वस्तूंत येतात, हे खरेच आहे. पण सुरक्षित मर्यादा काढताना ६० किलो वजन गुणिले किलोमागे ७,००० नॅनोग्रॅम हा गुणाकार ४,२०,००० ऐवजी ४२,००० असा मांडला गेला होता, त्यामुळे संपर्क मर्यादेच्या अगदी जवळ असल्याचा भास झाला. दोन महिन्यांत दुरुस्ती छापली गेली, मात्र तोवर बातमी सगळीकडे पोहोचली होती. तापलेल्या तेलात फिरवायचा काळा कालथा लाकडाचा किंवा पोलादाचा घ्यावा. थंड पदार्थाच्या काळ्या तबकडीसाठी झोप उडवून घेऊ नये.

बदल कोणत्या क्रमाने करावा

पहिल्या आठवड्यात प्लास्टिकमध्ये अन्न तापवणे थांबवावे. त्यासाठी नवी खरेदी लागत नाही. त्यानंतर धुरकट, तडकलेली भांडी काढून टाकावीत. मग तेल आणि आंबट पदार्थांसाठी काचेची दोन-तीन भांडी आणावीत, आणि बाकीचे डबे झिजतील तसे बदलावेत. काढलेले चांगल्या स्थितीतील डबे खिळे, बटणे, दोरे ठेवायला उपयोगी पडतात, फक्त त्यांवर खूण करावी म्हणजे ते पुन्हा स्वयंपाकघरात येणार नाहीत. नव्या काचेच्या भांड्याचे झाकण प्लास्टिकचेच असेल, तर त्याने काही बिघडत नाही. अन्न झाकणाला टेकणार नाही इतकी जागा वर सोडावी, आणि तापवताना झाकण काढून त्यावर उलटी बशी ठेवावी.